परवाना आत, पिस्तूल गाडीत : टेक्सासच्या सात ओळखपत्रांचं प्रकरण

टेक्सासमध्ये हँडगनचा परवाना दाखवून मतदान करता येतं. तीच हँडगन कमरेला लावून मतदान केंद्रात शिरलात तर मात्र तो गंभीर गुन्हा ठरतो, शिक्षा दोन ते दहा वर्षं. कागद चालतो, वस्तू चालत नाही.

२०११ पासून अमेरिकेत मतदार ओळखपत्राचा विषय निघाला की हा परवाना निघतोच, आणि त्याच्या पाठोपाठ एक ठरलेलं वाक्यही येतं : ‘टेक्सासात बंदुकीचा परवाना चालतो, पण सरकारी विद्यापीठाचं विद्यार्थी ओळखपत्र चालत नाही.’ वाक्य खरं आहे. पण ते इतकं उगाळलं गेलंय की खालचं प्रकरण दिसेनासं झालंय. एका बाजूला वाटतं, बंदूकवाल्यांना मागच्या दाराने सवलत मिळाली. दुसऱ्या बाजूला परवानाधारक म्हणतात, बोटांचे ठसे देऊन, पार्श्वभूमी तपासून घेऊन मिळवलेला आमचा कागद कुणाच्याही कागदापेक्षा पक्का आहे. या कायद्याने परवानाधारकाला नेमकं काय दिलं हे शोधायला बसलं की हाती फारच थोडं लागतं. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त रस त्या थोड्यातच आहे.

यादी कशी झाली

कायद्याचं नाव सिनेट बिल १४. मे २०११ मध्ये गव्हर्नर रिक पेरी यांनी त्यावर सही केली. त्याआधी २००५, २००७ आणि २००९ अशा तीन अधिवेशनांत असले प्रयत्न फसले होते. २००७ मध्ये तर मारिओ गालेगोस या डेमोक्रॅट सिनेटरांनी यकृत प्रत्यारोपणानंतरच्या आजारपणात विधिमंडळाच्या इमारतीतच खाट टाकून घेतली होती, आपल्या एका मताअभावी विधेयक पुढे सरकू नये म्हणून. २०११ मध्ये मात्र पेरींनी हा विषय ‘तातडीचा’ म्हणून जाहीर केला आणि रिपब्लिकन बहुमतापुढे अडवणूक चालली नाही.

जुन्या पद्धतीत मतदाराने टपालाने आलेलं नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं की काम भागत असे. ते जवळ नसेल तर विजेचं बिल किंवा बँकेचं पत्रकही चाले. नव्या कायद्याने सात कागद ठरवले : ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचं वैयक्तिक ओळखपत्र, फक्त निवडणुकीपुरतं मोफत ओळखपत्र, हँडगन परवाना, छायाचित्राचं लष्करी ओळखपत्र, छायाचित्राचं नागरिकत्व प्रमाणपत्र आणि पासपोर्ट. मुदत संपून ६० दिवसांपेक्षा जास्त काळ लोटला असेल तर कागद बाद.

या सातांपैकी पहिले चार एकाच खात्याचे आहेत. टेक्सासचं सार्वजनिक सुरक्षा खातं, म्हणजे डीपीएस, गाडी चालवण्याचा परवाना देतं आणि १९९६ पासून पिस्तूल बाळगून फिरण्याचाही देतं. त्यामुळे यादी बनवताना बहुतेक एका खात्याचं कपाट उघडलं गेलं आणि त्यात जे छायाचित्रवालं सापडलं ते बाहेर काढलं गेलं, असं मला वाटतं. पण हे वाचन अपुरं आहे, कारण कपाटाबाहेरचे कागद घ्यायचे प्रस्तावही आले होते आणि ते मोजूनमापून नाकारले गेले : सरकारी विद्यापीठांची विद्यार्थी ओळखपत्रं, सरकारी कर्मचाऱ्यांची ओळखपत्रं. आदिवासी जमातींची ओळखपत्रंही यादीबाहेरच राहिली. पुढे न्यायालयात बोट याच ठिकाणी ठेवलं गेलं. गोऱ्या मतदारांकडे जास्त प्रमाणात असलेले कागद आत आले, इतरांकडे जास्त असलेले बाहेर राहिले, असा तो आक्षेप.

विद्यार्थी ओळखपत्राविरुद्ध दोन कारणं दिली जात. प्रत्येक विद्यापीठाचं कार्ड वेगळं, आणि ते परदेशी विद्यार्थ्यालाही मिळतं, म्हणजे त्यावरून नागरिकत्व कळत नाही. पहिल्या कारणात तथ्य आहे. दुसरं मात्र फिरून हँडगन परवान्यावरच येऊन आदळतं. अमेरिकेत कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळालेला परदेशी माणूस कायदेशीरपणे बंदूक बाळगू शकतो, आणि टेक्सासचा परवाना घ्यायलाही त्याला आडकाठी नाही. ड्रायव्हिंग लायसन्सचं तर सांगायलाच नको. नागरिकत्वाची खातरजमा मतदार नोंदणीच्या वेळी व्हायची असते. केंद्रावरचं ओळखपत्र फक्त ‘यादीतला माणूस हाच का’ एवढंच सांगतं.

टेबलासमोर

आता एका परवानाधारकाची कल्पना करू. नाव नको, तो कुणीही असू शकतो. निवडणुकीच्या दिवशी तो पिकअप ट्रक घेऊन शाळेपाशी येतो. पिस्तूल एरवी त्याच्या कमरेला असतं. टेक्सासच्या फौजदारी संहितेत मतदान केंद्राची वास्तू शस्त्रबंदीत मोडते, निवडणुकीच्या दिवशीही आणि आगाऊ मतदान चालू असतानाही. परवाना असला तरी सूट नाही. ‘वास्तू’ म्हणजे इमारत किंवा इमारतीचा भाग. पार्किंग, रस्ता, पदपथ त्यात धरत नाहीत. म्हणून पिस्तूल ट्रकमध्ये कुलपात ठेवायचं आणि पाकीट घेऊन आत जायचं.

शाळेत हे सरळ आहे, कारण तिथे एरवीही बंदी असते. घोळ होतो तो आगाऊ मतदानाच्या दिवसांत, जेव्हा काही काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, केंद्र सुपरमार्केटमध्ये असतं. दुकानात तो वर्षभर पिस्तूल लावून दूध-अंडी आणायला जातो. ऑक्टोबर महिन्यात त्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात मतदानाची टेबलं लागतात. मग बंदी सगळ्या दुकानाला लागू की तेवढ्या कोपऱ्याला? ‘इमारतीचा भाग’ हे शब्द त्याच्या बाजूने वाचता येतात. पण चूक ठरली तर किंमत तुरुंगाची, म्हणून शहाणा माणूस गाडीकडे परत जातो.

आत टेबलावरचा कर्मचारी परवाना हातात घेतो, छायाचित्र आणि चेहरा जुळवतो, यादीत नाव शोधतो. पत्ता जुळण्याची गरज नसते, नाव जुळावं लागतं. ते तंतोतंत नसेल पण ‘बरंचसं सारखं’ असेल तर मी तोच आहे असं लिहून द्यायचं. २०१३ मध्ये कायदा प्रथमच राज्यभर वापरला गेला तेव्हा असं लिहून देणाऱ्यांत दोन माणसं लक्षात राहण्याजोगी होती. कायद्याचा न्यायालयात बचाव करणारे महाधिवक्ते ग्रेग ॲबट, आणि त्याला विरोध करणाऱ्या सिनेटर वेंडी डेव्हिस. ॲबट यांच्या लायसन्सवर मधलं नाव होतं, मतदार यादीत नव्हतं. पुढच्या वर्षी गव्हर्नरपदासाठी दोघं एकमेकांसमोर उभे राहिले.

नावाच्या या भानगडीत हँडगन परवाना काही मदत करत नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईचं ड्रायव्हिंग लायसन्स एका नावाचं आणि मतदार यादी दुसऱ्या नावाची असेल, तर तिचा परवानाही सहसा लायसन्सच्याच नावाचा असणार. खातं एकच.

आणि आता गमतीचा भाग. परवान्याच्या अर्जातच ड्रायव्हिंग लायसन्सचा किंवा डीपीएसच्या ओळखपत्राचा क्रमांक विचारलेला असतो. त्याहून पुढे, टेक्सासच्या शासन संहितेत नियम आहे की पिस्तूल जवळ असताना पोलिसाने ओळख विचारली तर परवानाधारकाने दोन्ही दाखवायचे, लायसन्स किंवा ओळखपत्र आणि हँडगन परवाना. म्हणजे कायद्याने आधीच गृहीत धरलंय की ज्याच्या खिशात हँडगन परवाना आहे, त्याच्या खिशात यादीतला दुसरा एखादा कागद आहेच.

मग हा परवाना मतदानाला खरोखर उपयोगी कधी पडतो? लायसन्स हरवलं असेल, किंवा त्याची मुदत संपून ६० दिवस उलटले असतील आणि परवान्याची मुदत अजून शिल्लक असेल तर. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरून लायसन्स गेलं असेल तर त्याच शिक्षेपायी हँडगन परवानाही जातो, तेव्हा तीही वाट बंद. २०१४ अखेर राज्यात सव्वाआठ लाखांच्या आसपास परवानाधारक होते. ज्यांना केवळ परवान्यामुळेच मत देता आलं असे त्यांतले मूठभरच असतील. त्या काळी या परवान्याचं शुल्कच १४० डॉलर होतं, वर प्रशिक्षणाचा वर्ग आणि बोटांचे ठसे, आणि वयाची अट साधारणपणे २१. मतदानासाठी म्हणून हा परवाना कुणी काढणार नाही.

शिवाय ‘बंदूकधारक’ आणि ‘परवानाधारक’ हे दोन शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात तेही चूक आहे. टेक्सासमध्ये बंदुकांची राज्यस्तरीय नोंदणी नाही. रायफल किंवा शॉटगन बाळगायला परवाना लागत नाही. पिस्तूल घरात किंवा स्वतःच्या गाडीत ठेवायलाही लागत नसे. परवाना लागायचा तो अंगावर पिस्तूल घेऊन बाहेर फिरायला. पश्चिम टेक्सासात कुंपणापलीकडच्या कोल्ह्यांसाठी रायफल ठेवणारा, गाडी चालवणं कधीच सोडलेला म्हातारा हाही बंदूकधारकच. सात कागदांपैकी त्याच्याकडे कदाचित एकही नसेल.

‘बंदूक घ्यायला ओळखपत्र लागतं, मग मत द्यायला का नको?’

बंदूकधारकांच्या बाजूने हा प्रश्न नेहमी येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुकानात बंदूक घ्यायची तर संघीय कायद्याप्रमाणे सरकारी छायाचित्र ओळखपत्र दाखवावं लागतं, फॉर्म ४४७३ भरावा लागतो, आणि १९९८ पासून पार्श्वभूमीची तात्काळ तपासणी होते. ज्याने हे सगळं अनेकदा केलंय त्याला मतदान केंद्रावर कार्ड दाखवणं जड जात नाही. ‘एक घटनादत्त हक्क बजावताना मला ओळख विचारता, दुसरा बजावताना विचारली तर अन्याय कसा?’ हा त्याचा सवाल सरळ आहे.

पण तुलना बारकाईने केली की ती दोन्ही बाजूंनी ढिली पडते. टेक्सासमध्ये एका खाजगी माणसाने दुसऱ्याला बंदूक विकली तर ना फॉर्म लागतो ना तपासणी. म्हणजे ओळखपत्राशिवाय बंदूक घेण्याची कायदेशीर वाट तरी आहे. सिनेट बिल १४ च्या मूळ रूपात केंद्रावर जाऊन मत देणाऱ्याला अशी वाट जवळजवळ नव्हतीच. दुसरं, कागदांची कामं वेगळी. दुकानदाराला ओळखपत्रावर पत्ता लागतो, म्हणून नुसत्या पासपोर्टवर बंदूक मिळत नाही. मतदानाला मात्र पासपोर्ट चालतो. उलट हँडगन परवाना दुकानात भाव खाऊन जातो. तो असेल तर फॉर्म भरायचा, पण तात्काळ तपासणीतून सुटका. तिथे परवान्यामागच्या तपासणीला खरंच अर्थ आहे, कारण या माणसाच्या हाती बंदूक द्यावी का हाच तिथला प्रश्न असतो. मतदानाच्या टेबलावर ‘कागद पक्का आहे’ हा युक्तिवाद गरजेपेक्षा जास्त सिद्ध करतो. चेहरा आणि नाव जुळवायला बोटांचे ठसे लागत नाहीत.

बाहेर कोण राहिलं

नुकसान परवान्याच्या आसपास झालंच नाही. ते झालं मोफत ओळखपत्राच्या रांगेत.

ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी निवडणुकीपुरतं मोफत ओळखपत्र ठेवलं होतं. ते डीपीएसच्या कार्यालयात मिळणार. राज्यात २५४ काउंट्या, त्यांतल्या ८१ मध्ये तेव्हा असं चालू कार्यालयच नव्हतं. काही मतदारांना ये-जा मिळून २०० मैलांहून जास्त प्रवास पडणार होता, आणि तोही ड्रायव्हिंग लायसन्स नसलेल्या माणसांना. सोबत जन्मदाखला हवा, आणि त्याला सुरुवातीला पैसे पडत. २०१४ मध्ये खटला उभा राहिला तोवर अशी ओळखपत्रं किती वाटली गेली होती? २७९.

नोव्हेंबर २०१३ मध्ये फोर्ट वर्थच्या डीपीएस कार्यालयात ९० वर्षांचे एक गृहस्थ रिकाम्या हाताने परतले. लायसन्सची मुदत २०१० मध्येच संपलेली, दुसरं कार्ड विद्यापीठातल्या अध्यापकाचं. दोन्ही चालली नाहीत. हे गृहस्थ म्हणजे जिम राइट, अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती. तीन दशकांहून जास्त काळ त्याच शहराने त्यांना निवडून दिलं होतं. जन्मदाखला आणल्यावर त्यांचं काम झालं. पण त्यांना दाखला कुठे असतो आणि कुणाला विचारायचं हे माहीत होतं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये कॉर्पस ख्रिस्टीच्या संघीय न्यायाधीश नेल्वा गोन्झालेस रामोस यांनी दीर्घ निकाल दिला. नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे ६,०८,४७० जणांकडे चालणारं ओळखपत्र नव्हतं, म्हणजे साडेचार टक्के. गोऱ्या मतदारांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांकडे ते नसण्याची शक्यता ३०५ टक्क्यांनी आणि हिस्पॅनिकांकडे १९५ टक्क्यांनी जास्त. आणि ज्या तोतयेगिरीला आळा घालायला हे सगळं उभं केलं तिचं प्रमाण? कायद्याआधीच्या दहा वर्षांत सुमारे दोन कोटी मतं पडली, त्यांत केंद्रावर दुसऱ्याच्या नावाने मत दिल्याबद्दल शिक्षेपर्यंत पोचलेली प्रकरणं दोन. टपाली मतदानात गैरप्रकाराला जास्त वाव असतो, पण त्याला हा छायाचित्राचा नियम लावलाच नव्हता.

न्यायालयातला प्रवास लांब आणि वळणाचा आहे, तो भरभर सांगतो. वांशिक भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणूक नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची मंजुरी लागत असे. २०१२ मध्ये आधी न्याय खात्याने आणि मग तिथल्या न्यायालयाने टेक्सासला ती नाकारली. २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटी खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी त्या मंजुरीमागचं सूत्रच रद्द केलं, आणि त्याच दिवशी ॲबट यांनी कायदा लागू झाल्याचं जाहीर केलं. रामोस यांचा निकाल अपिलात थांबवला गेला. १८ ऑक्टोबर २०१४ च्या शनिवारी पहाटे सर्वोच्च न्यायालयाने कायदा तूर्त चालू ठेवला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी असहमती लिहिली, तिच्यात माजी सैनिकांच्या खात्याचं ओळखपत्र टेक्सासात चालत नाही असं म्हटलं होतं. ते चालत होतं. काही दिवसांत ते वाक्य काढावं लागलं. यादी इतकी सोपी नव्हती एवढाच त्याचा अर्थ; मतदान केंद्रावरच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याने ती दिवसभर बिनचूक वापरायची होती.

जुलै २०१६ मध्ये पाचव्या सर्किटच्या, म्हणजे टेक्सास ज्याच्या कक्षेत येतं त्या संघीय अपील न्यायालयाच्या, पूर्ण पीठाने ९ विरुद्ध ६ असा निकाल दिला, की कायद्याचा परिणाम भेदभावाचा आहे. यादी मात्र रद्द झाली नाही. तिच्या शेजारी एक खिडकी उघडली गेली. सातांपैकी काहीच मिळवणं शक्य झालं नाही असं प्रतिज्ञेवर लिहून द्यायचं, सोबत बिल, बँकेचं पत्रक, पगारपत्रक किंवा नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवायचं, आणि मत द्यायचं. २०१७ च्या सिनेट बिल ५ ने ही सोय कायद्यात आणली, मुदत संपलेल्या कागदांना ६० दिवसांऐवजी चार वर्षांची सूट दिली आणि सत्तरीपुढच्यांना ती मुदतीविना दिली. विद्यार्थी ओळखपत्र यादीबाहेर राहिलं. हँडगन परवाना यादीत राहिला. एप्रिल २०१८ मध्ये अपील न्यायालयाने हे नवं रूप मान्य केलं.

माझ्या मते खरी सुधारणा ही खिडकीच होती. विद्यार्थी की बंदूकवाला या भांडणातून ती निघाली नाही. यादीत आठवं कार्ड घालून रायफलवाल्या म्हाताऱ्याचं काहीच भलं झालं नसतं. विजेचं बिल त्याच्याकडे आहे.

परवान्याविना

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात बंदूक बाळगायला अपात्र नसलेल्या प्रौढाला पिस्तूल घेऊन फिरण्यासाठी परवान्याची गरज उरली नाही. मतदान केंद्रातली शस्त्रबंदी तशीच आहे. परवाना आता ऐच्छिक झाला. इतर राज्यांत चालावा किंवा दुकानातली तपासणी टळावी म्हणून लोक तो काढतात. मतदानाच्या यादीत तो अजूनही सातांपैकी एक आहे.

त्याच वर्षी सिनेट बिल १ आलं आणि इतकी वर्षं मोकळी राहिलेली टपाली मतदानाची वाटही ओळखीच्या नियमात आली. अर्जावर आणि मतपत्रिकेच्या लिफाफ्यावर क्रमांक लिहायचा, आणि तो मतदार नोंदणीतल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. अनेकांनी दशकांपूर्वी नोंदणी करताना कुठला क्रमांक दिला होता ते त्यांनाच आठवत नव्हतं. मार्च २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत सुमारे २५,००० टपाली मतपत्रिका बाद झाल्या, आलेल्यांपैकी बाराएक टक्के.

समजा आपल्या ट्रकवाल्या परवानाधारकाची आता पासष्टी उलटली आहे आणि यंदा घरूनच मत द्यावं असं त्याच्या मनात आलंय. केंद्रावर तो दरवेळी हँडगन परवानाच काढायचा, जरा मुद्दामच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो लिफाफ्याची झडप उलटतो. ड्रायव्हिंग लायसन्सचा क्रमांक, वैयक्तिक ओळखपत्राचा, निवडणूक ओळखपत्राचा, आणि यांतलं काही नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. हँडगन परवान्याला रकाना नाही. तो पाकीट उघडतो आणि परवान्याच्या मागच्या कप्प्यातून ड्रायव्हिंग लायसन्स बाहेर काढतो.